एचआयव्हीचं रेव्ह प्रोटीन आरएनएवर कसं जमतं आणि त्याने व्हायरसची वाढ कशी ठरते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआयव्ही कसा पसरतो, कसा पसरत नाही, टेस्ट कुठे करायची, याबद्दल मराठीत बऱ्यापैकी वाचायला मिळतं आणि ते हवंच. पण व्हायरस पेशीत शिरल्यानंतर आत काय चालतं, कधी गप्प बसायचं आणि कधी हजारो नवीन व्हायरस काढायचे हे कसं ठरतं, यावर विचारणारे खूप असतात आणि सांगणारे कमी. त्या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रेव्ह नावाचं छोटं प्रोटीन आरएनएवर एकामागून एक येऊन बसतं आणि किती जमली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. खालची उत्तरं मुख्यतः त्याच्याभोवती आहेत. बारावीचं बायोलॉजी आठवत असेल तर पुरे.

रेव्ह म्हणजे काय? एवढ्याशा प्रोटीनबद्दल एवढं काय सांगायचं?

एचआयव्हीकडे सगळे मिळून ९ जीन्स आहेत आणि अख्खा जीनोम साधारण ९,७०० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे माणसाच्या जीनोमपुढे काहीच नाही. त्या ९ पैकी एक रेव्ह. त्याचं प्रोटीन ११६ अमिनो अ‍ॅसिडचं, आणि जागा वाचवायची म्हणून त्याचा जीन टॅट आणि एन्व्ह या दुसऱ्या जीन्सच्या वरच, वेगळ्या रीडिंग फ्रेममध्ये बसवलेला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या लक्षात आलं की हा छोटा जीन बिघडवला तर व्हायरसचा आरएनए बनतो पण गॅग आणि एन्व्ह ही व्हायरसचं शरीर बनवणारी प्रोटीन्स बनतच नाहीत, म्हणजे नवीन व्हायरस तयार होणं पूर्ण थांबतं. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हा व्हायरस सापडला, त्यानंतर तीनच वर्षांत.

आरएनए बनतो तरी प्रोटीन बनत नाही, असं का?

इथे नीट लक्ष द्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए न्यूक्लियसमध्ये बनतो, त्यातले इंट्रॉन कापून काढले जातात म्हणजे स्प्लायसिंग होतं आणि मगच तो बाहेर सायटोप्लाझममध्ये जातो जिथे रायबोसोम प्रोटीन बनवतात. ज्यात इंट्रॉन शिल्लक आहे असा आरएनए पेशी सहसा बाहेर सोडत नाही, आतच अडकवते आणि शेवटी तोडून टाकते. अर्धवट आरएनएवरून चुकीची प्रोटीन्स बनू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती आपल्या भल्याचीच आहे.

एचआयव्हीची अडचण अशी की तो सुरुवातीला एकच लांब आरएनए बनवतो, साधारण ९ हजार न्यूक्लिओटाइडचा, आणि त्यालाच वेगवेगळ्या पद्धतीने कापून ४० पेक्षा जास्त प्रकारचे मेसेज काढतो. त्यांचे तीन गट पडतात. पूर्ण कापलेले सुमारे २ हजारांचे, ज्यातून टॅट, रेव्ह आणि नेफ मिळतात. एकदाच कापलेले सुमारे ४ हजारांचे, ज्यातून एन्व्ह, व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू मिळतात. आणि अजिबात न कापलेला ९ हजारांचा, ज्यातून गॅग आणि पोल मिळतात, शिवाय नवीन व्हायरसच्या आत जीनोम म्हणून हाच भरला जातो. म्हणजे शेवटच्या दोन गटांत इंट्रॉन शिल्लक असतात आणि पेशीच्या नियमाप्रमाणे ते बाहेर जायला नकोत. पण ते बाहेर गेल्याशिवाय व्हायरस पुढे जाऊच शकत नाही.

मग रेव्ह नेमकं काय करतं?

एन्व्ह जीनच्या आत आरएनएचा एक तुकडा आहे, साधारण ३५० न्यूक्लिओटाइडचा, त्याला रेव्ह रिस्पॉन्स एलिमेंट म्हणजे आरआरई म्हणतात. तो स्वतःभोवती दुमडून ठराविक आकार घेतो. पूर्ण कापलेल्या मेसेजमध्ये हा तुकडा कापला गेलेला असतो म्हणून त्यात आरआरई नसतो, बाकी दोन्ही गटांत असतो. रेव्ह बरोबर या आरआरईवर येऊन बसतं, आणि रेव्हच्या शेपटीकडच्या भागात ल्युसीन जास्त असलेला एक छोटा पट्टा आहे तो पेशीच्या क्रम१ (CRM1) नावाच्या प्रोटीनला पकडतो. क्रम१ चं रोजचं कामच न्यूक्लियसमधून प्रोटीन बाहेर नेण्याचं आहे, आणि सोबत रॅन नावाचं प्रोटीन जीटीपी घेऊन जोडलेलं असतं. हे सगळं मिळून न्यूक्लियसच्या छिद्रातून बाहेर पडतं आणि आरएनए न कापलेल्या अवस्थेतच सायटोप्लाझममध्ये पोहोचतो. बाहेर जीटीपीचं जीडीपी होतं, जोडणी सुटते, आरएनए मोकळा होतो. रेव्ह मग इम्पोर्टिन बीटा या आत नेणाऱ्या प्रोटीनला धरून परत आत येतं आणि पुन्हा तेच काम करतं.

एक बारीक गोष्ट सांगतो जी पुस्तकांत बऱ्याचदा सुटते. रेव्ह ज्या आर्जिनीनवाल्या पट्ट्याने आरएनए पकडतं, इम्पोर्टिनही तोच पट्टा पकडतो. म्हणजे बाहेरून आत येताना त्याचा आरएनए पकडायचा भाग झाकलेला असतो, आत आल्यावर रॅन इम्पोर्टिनला सोडवतं आणि मगच तो भाग मोकळा होतो. दिशा अशी आपोआप सांभाळली जाते.

एक रेव्ह बसलं तर पुरत नाही का?

नाही, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर उत्तर हेच आहे.

१९८९ मध्ये मायकेल मॅलिम आणि ब्रायन कलन यांच्या गटाने ड्यूक युनिव्हर्सिटीत आरआरई हेच रेव्हचं लक्ष्य आहे हे दाखवलं, आणि १९९१ मध्ये या दोघांनी पुढचा प्रश्न विचारला की एका आरआरईवर किती रेव्ह लागतात. त्यांच्याकडे अशी म्युटंट, म्हणजे मुद्दाम बदल केलेली रेव्ह होती जी आरएनएला व्यवस्थित चिकटायची पण एकमेकांना चिकटू शकत नव्हती, म्हणजे आरआरईवर एकटंच बसून राहायची. अशा म्युटंटने एक्सपोर्टचं काम होत नाही असं दिसलं. पहिलं रेव्ह बसणं आवश्यक आहे पण पुरेसं नाही, त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं, चौथं जमायला हवं.

ग्रामसभेला कसा कोरम लागतो, पाच-दहा माणसं येऊन बसली म्हणून ठराव पास होत नाही आणि ठरलेला आकडा भरला की लगेच कामकाज सुरू होतं, तसंच. आता याचा परिणाम बघा. इन्फेक्शन नवीन असताना पेशीत रेव्ह अगदी थोडं असतं, एखादं आरआरईवर बसतं आणि सुटून जातं, कोरम भरत नाही, त्यामुळे लांब आरएनए आतच राहतो आणि कापला जातो, आणि कापला गेला की त्यातून टॅट, रेव्ह, नेफच बनतात. मग रेव्ह हळूहळू वाढत जातं आणि एका पातळीच्या वर गेलं की थोड्याच वाढीने आरआरई भरायला लागतात, कारण बसलेलं रेव्ह पुढच्याला बसायला मदत करतं, दुसऱ्याला आरएनएचीही पकड मिळते आणि पहिल्या रेव्हचीही. एकत्र जमलेल्या रेव्हची आरआरईवरची पकड एकट्या रेव्हपेक्षा शेकडो पट घट्ट असते. मग एकदम चित्र बदलतं, गॅग, पोल, एन्व्ह बनायला लागतात आणि नवीन व्हायरस बाहेर पडतात. आधी तयारीची प्रोटीन्स आणि नंतर व्हायरसचं शरीर बनवणारी प्रोटीन्स हा क्रम व्हायरसकडे घड्याळ नसतानाही पाळला जातो, फक्त आरएनएवर किती प्रोटीन जमली यावर. पेशीत शिरल्यापासून नवीन व्हायरस निघेपर्यंतचं हे सगळं साधारण एका दिवसात होतं.

एकूण किती रेव्ह जमतात?

पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो. टेस्ट ट्यूबमधल्या मोजमापात ६ च्या आसपास येतो, काही जुन्या प्रयोगांत ८ ते १२ पर्यंत गेलाय, आणि आरआरईचा छोटा तुकडा घेतला की अर्थातच कमी. कोणी एकच आकडा ठाम सांगत असेल तर आधी विचारा की आरआरईची लांबी किती घेतली होती.

ती एकेक करून येतात की आधीच गट करून?

यावर बरीच वर्षं वाद होता. रेव्हची सवय अशी की पाण्यात थोडं जास्त झालं की ते एकमेकांना चिकटून लांबच लांब पोकळ नळ्या बनवतं, त्यामुळे काहींना वाटायचं की दोन-दोन, चार-चारचे गट आधी बनतात आणि मग आरएनएवर बसतात.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड मिलर यांच्या गटाने २००९ मध्ये हे थेट बघितलं. आरआरईचा तुकडा काचेवर चिकटवला, रेव्हला चमकणारा रंग लावला आणि एका वेळी एकच आरएनए दिसेल अशा मायक्रोस्कोपखाली ठेवलं. प्रत्येक रेव्ह बसलं की प्रकाश एक पायरी वर जातो, सुटलं की एक पायरी खाली. एकदम दोन-तीन पायऱ्यांची उडी असती तर गट येतायत असं म्हणता आलं असतं, पण पायऱ्या एकेकच दिसल्या. म्हणजे रेव्ह एकेक करून येतात आणि एकमेकांना आरएनएवरच धरतात. मला हा प्रयोग फार आवडतो कारण वर्षानुवर्षांच्या वादाचं उत्तर नुसत्या प्रकाशाच्या पायऱ्या मोजून मिळालं.

आणि हे कोरमशी जुळतं सुद्धा. गट बाहेरच तयार होत असते तर आरआरई नसलेल्या आरएनएवरही चुकून बसले असते. जमण्याची जागा आरआरईच असल्यामुळे चूक कमी होते.

पेशीत लाखो आरएनए आहेत, त्यातून रेव्हला हाच बरोबर कसा सापडतो?

आर्जिनीनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि आरएनएवर निगेटिव्ह, त्यामुळे रेव्ह तसं कुठल्याही आरएनएला थोडंफार चिकटतं. फरक पडतो तो आकारामुळे. आरआरईमध्ये स्टेम २बी म्हणून एक भाग आहे, तिथे नेहमीच्या जोड्यांऐवजी जी-जी आणि जी-ए अशा विचित्र जोड्या जमतात, त्यामुळे आरएनएची खोल खाच नेहमीपेक्षा रुंद होते आणि रेव्हचा हेलिक्स नेमका तिथे आत शिरतो. १९९६ मध्ये एनएमआरने, म्हणजे रेणूंचा आकार बघायच्या एका पद्धतीने, हे दिसलं. पहिलं रेव्ह इथेच बसतं, बाकीची त्याच्या पुढे आरएनएवर सरकत सरकत जमतात, त्यांच्या जागा तितक्या चोख नसतात पण शेजारच्याचा आधार मिळतो म्हणून चालतं.

आरएनए नुसता पडून राहतो का, की त्याचंही काही काम आहे?

त्याचंच तर निम्मं काम आहे. २०१० मध्ये दोन वेगळ्या गटांनी रेव्हच्या जोडीचं स्ट्रक्चर काढलं आणि दोन रेव्ह इंग्रजी व्ही सारखी जोडली जातात असं दिसलं. इतकी वर्षं का लागली तर त्या नळ्यांमुळेच, क्रिस्टल मिळत नव्हता, एका गटाने म्युटंट वापरलं आणि दुसऱ्याने अँटीबॉडीचा तुकडा लावून चिकटणं थांबवलं. मग २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात अ‍ॅलन फ्रँकेल यांच्या गटाने आरएनएसकट स्ट्रक्चर काढलं तर त्या दोन रेव्हमधला कोन बराच आखडलेला होता. म्हणजे आरएनए सांगेल तसं रेव्ह स्वतःला वळवून घेतं. ११६ अमिनो अ‍ॅसिडचं एकच प्रोटीन वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या कोनात बसू शकतं, त्यामुळे व्हायरसला सहा वेगळी प्रोटीन्स बनवावी लागत नाहीत, एवढ्याशा जीनोममध्ये ते परवडलंही नसतं.

अख्ख्या आरआरईचा आकार २०१३ मध्ये एक्सरे स्कॅटरिंगने बघितला तेव्हा तो इंग्रजी ए सारखा निघाला आणि रेव्ह पकडणाऱ्या दोन जागा त्याच्या दोन पायांवर समोरासमोर आहेत असं दिसलं. जमलेल्या रेव्हना पुढे दोन क्रम१ येऊन मिळतात.

उंदरात एचआयव्ही वाढत नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थोडा आहे. उंदराच्या पेशीत अडचणी बऱ्याच आहेत पण त्यातली एक हीच, तिथलं क्रम१ माणसाच्या क्रम१ पेक्षा दोन-तीन अमिनो अ‍ॅसिडनी वेगळं आहे आणि नेमकं त्या जागी जिथे दोन क्रम१ एकमेकांना टेकतात. त्यामुळे रेव्हचा आरएनए नीट बाहेर जात नाही.

रेव्ह आरएनएची कॉपी काढतं का?

नाही. कॉपी काढायचं काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि नंतर पेशीच्या आरएनए पॉलिमरेजचं. रेव्ह फक्त कुठला आरएनए कापायच्या आधी बाहेर जाईल ते ठरवतं, पण व्हायरसची वाढ त्यावरच अडते.

टॅट आणि रेव्हमध्ये मुलं नेहमी घोळ घालतात, फरक सांगा.

दोन्ही लहान, दोन्ही आरएनएला आर्जिनीनवाल्या पट्ट्यानेच पकडतात, दोन्ही सुरुवातीला बनतात, म्हणून घोळ होतो. टॅट आरएनएच्या अगदी सुरुवातीच्या टार नावाच्या हेअरपिनवर बसतं, सायक्लिन टी१ आणि सीडीके९ या पेशीच्या प्रोटीन्सना बोलावतं आणि आरएनए बनण्याचा वेग वाढवतं. आणि टॅट टारवर एकटंच बसतं, रेव्हसारखं जमत नाही. म्हणून टॅट वाढलं की आरएनए वाढत जातो, आणि रेव्ह मात्र एका पातळीनंतर एकदम फरक पाडतं. शिवाय रेव्ह स्वतःवर लगामही ठेवतं, कारण न कापलेले आरएनए बाहेर जायला लागले की कापायला कमी उरतात, आणि रेव्हचा मेसेज तर पूर्ण कापलेल्यातूनच येतो.

एचआयव्ही वर्षानुवर्षं लपून राहतो तो रेव्ह कमी असल्यामुळे का?

मुख्य कारण हे नाही. लपलेल्या पेशींमध्ये व्हायरसचा डीएनए आपल्या डीएनएत घुसून बसलेला असतो आणि तिथून आरएनए बनणंच फार कमी असतं. पण कोरमचा मुद्दा इथेही लागू होतो, थोडाफार आरएनए बनला आणि रेव्ह त्या पातळीच्या खाली राहिलं तर पेशीत छोटे मेसेज असतात पण व्हायरस बाहेर पडत नाही. मॅलिम आणि कलन यांनी १९९१ मध्येच ही शक्यता मांडली होती.

मग रेव्हवर औषध का नाही निघालं?

प्रयत्न भरपूर झाले. १९९३ मध्ये निओमायसिन बी हे जुनं अँटिबायोटिक रेव्ह आणि आरआरईची जोडणी तोडतं असं दिसलं, पण ते रेव्ह आरआरईपुरतं थांबत नाही, इतर आरएनएवरही बसतं, म्हणून औषध म्हणून चाललं नाही. लेप्टोमायसिन बी क्रम१ ला बंद करतं आणि रेव्हचं काम थांबतं, पण क्रम१ आपल्याच पेशीला रोज लागतं, त्यामुळे विषारी. याच क्रम१ ला थांबवणारं सेलिनेक्सॉर २०१९ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं. कॅन्सरमध्ये तेवढा त्रास सोसला जातो, पण आयुष्यभर घ्यायच्या गोळीसाठी नाही.

सगळ्यात हुशार कल्पना होती रेव्ह एम१० ची. हे म्युटंट रेव्ह आरआरईवर बसतं, शेजाऱ्यांना धरतं, पण क्रम१ ला पकडणारा त्याचा पट्टा बिघडवलेला असतो. जमलेल्या रेव्हमध्ये अशी मिसळली की अख्खी जमात निकामी होते. १९९० च्या दशकात रुग्णांच्याच टी पेशींमध्ये हा जीन घालून परत सोडण्याच्या चाचण्या झाल्या, त्या पेशी शरीरात जास्त काळ टिकल्या सुद्धा, पण पुढे उपचार म्हणून ते गेलं नाही. आणि तोपर्यंत गोळ्या चांगल्या निघाल्या.

मुळात एका प्रोटीनचा आरएनएशी आणि शेजाऱ्यांशी असलेला रुंद संपर्क छोट्या रेणूने तोडणं अवघड असतं, एन्झाइमची खोबण बुजवणं त्यामानाने सोपं. पण मला वाटतं हा विषय बंद झालेला नाही. कॅप्सिड म्हणजे व्हायरसच्या जीनोमभोवतीचं प्रोटीनचं कवच, त्याच्याबद्दलही लोक असंच म्हणायचे, आणि २०२२ मध्ये कॅप्सिडवर चालणारं लेनाकॅपाव्हिर मंजूर झालं.

माझी एआरटी (एचआयव्हीवरची नेहमीची औषधं) चालू आहे, त्याने रेव्ह थांबतं का?

थेट नाही. आपल्याकडे सरकारी केंद्रांवर १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी मिळते आणि आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधांची एक गोळी असते. ही औषधं व्हायरसला नवीन पेशीत बस्तान बसवू देत नाहीत. ज्या पेशीत तो आधीच घुसलाय तिथे आरएनए आणि रेव्ह बनू शकतं, म्हणूनच गोळी थांबवली की काही आठवड्यांत व्हायरस परत वर येतो. तेव्हा व्हायरल लोड दिसत नाही असा रिपोर्ट आला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका, प्लीज. आणि तो रिपोर्ट तसाच टिकून असेल तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, हेही तितकंच खरं आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन टोल फ्री आहे.

टेस्टमध्ये रेव्ह बघतात का?

नाही. अँटीबॉडी बघतात, काही किटमध्ये सोबत पी२४ हे गॅगचं प्रोटीन. आता लक्षात येईल की पी२४ रक्तात दिसतंय म्हणजे कुठल्यातरी पेशीत रेव्हचा कोरम भरलेला आहे.

भारतातल्या एचआयव्हीचं रेव्ह वेगळं असतं का?

हो, थोडं. आपल्याकडे मुख्यतः एचआयव्हीचा सबटाइप सी हा प्रकार आहे, आणि त्याच्या रेव्हमध्ये स्टॉप कोडॉन लवकर येतो त्यामुळे शेपटीकडचा तुकडा आखूड असतो. आरएनए पकडणारा, एकमेकांना धरणारा आणि क्रम१ ला लागणारा भाग शाबूत असतो म्हणून काम चालतं. पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, जिला सगळे नारी म्हणायचे आणि जिचं नाव आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च झालंय. मराठी मुलांनी व्हायरॉलॉजीत जायचं ठरवलं तर फार लांब बघायची गरज नाही.

बाकीचे व्हायरसही असंच करतात का?

नातेवाईक करतात. एचटीएलव्ही या माणसाच्याच दुसऱ्या रेट्रोव्हायरसकडे रेक्स नावाचं प्रोटीन आहे, ते हेच काम करतं. उलट मेसन-फायझर मंकी व्हायरसकडे असं प्रोटीनच नाही, त्याच्या आरएनएवर सीटीई नावाचा तुकडा आहे जो पेशीच्या एनएक्सएफ१ या आरएनए बाहेर नेणाऱ्या प्रोटीनला थेट पकडतो, मध्ये व्हायरसचं कोणी नाहीच. तिथे कोरमही नाही, म्हणजे वेळ ठरवायची ती सोयही नाही.

एमएस२ नावाचा बॅक्टेरियाचा व्हायरस आहे, त्यात कोट प्रोटीनची जोडी स्वतःच्या आरएनएच्या एका छोट्या हेअरपिनवर बसते आणि कॉपी काढणाऱ्या एन्झाइमचं उत्पादन थांबवते. कोट प्रोटीन पुरेसं साठलं की आता कॉप्या पुरे, पॅकिंग करा, असा अर्थ होतो. आणि एचआयव्हीमध्येच पुढच्या टप्प्यावर गॅग प्रोटीन न कापलेल्या आरएनएच्या सुरुवातीच्या साय नावाच्या भागावर जमायला लागतं, मग एका व्हायरसमागे दोन-अडीच हजार गॅग येतात आणि आत आरएनएच्या दोन प्रती बंद होतात. त्यातही गंमत अशी की आरएनएच्या टोकाला एक जी असेल तर तो जास्त करून पॅक होतो आणि तीन जी असतील तर त्यावरून प्रोटीन बनतं, दोन न्यूक्लिओटाइडचा फरक फक्त. पण गॅगला हे सगळं करायला मिळतं ते आधी रेव्हने तो आरएनए अख्खा बाहेर आणून दिला म्हणून.